चाकवताची नोंदणी

आमच्या शेतीची सुरुवात मुळ्याच्या पाल्यापासून झाली.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात ह्यांना नोकरी मिळाली आणि आम्ही तिथून जवळच्या एका लहान गावात राहायला आलो. गावात दर शनिवारी चर्चसमोरच्या फरसबंदीवर बाजार भरतो. सात-आठ टेबलं, त्यांवर कापडी छत, बस. त्यातलं एक टेबल ऐंशीच्या घरातल्या एका शेतकऱ्याचं होतं. त्यांच्याकडे मुळे, नवलकोल, गाजरं आणि बटाटे असत. गिऱ्हाइकानं मुळ्यांची जुडी उचलली की ते विचारत, "पाला काढू?" गिऱ्हाईक "हो" म्हणे. मग ते एका हिसक्यात हिरवागार पाला पिरगाळून टेबलाखालच्या क्रेटमध्ये टाकत. नवलकोलाची पानंही तिथेच जात. मी दोन शनिवार नुसतं पाहत उभी राहिले. तिसऱ्या शनिवारी धीर करून विचारलं, की तो क्रेट मला मिळेल का.

त्यांनी काहीतरी विचारलं. मला त्यातलं 'किती' आणि 'घरी' एवढंच कळलं. मी म्हणाले, "तीन."

त्यांनी मान डोलावली आणि तीन जणांच्या मानानं चांगलाच भरपूर पाला पिशवीत कोंबून दिला. असं महिनाभर चाललं. मग एका शनिवारी माझी मुलगी बरोबर होती. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. म्हाताऱ्यांनी नेहमीसारखी माझी विचारपूस केली आणि मुलगी एकदम लाल झाली.

"आई, ते विचारतायत, तुझे तीन ससे कसे आहेत?" हे मात्र तिनं मराठीत विचारलं. जर्मनमध्ये विचारलं असतं तर आजूबाजूच्या सगळ्यांना कळलं असतं.

"कुठले ससे?"

"ते म्हणतायत, तुझ्या सशांची भूक फार दांडगी आहे."

मग तिनं त्यांना खरं काय ते सांगितलं. ते तराजूला धरून हसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनासारखा होता. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की हे शिजवायचं कसं. पुढच्या शनिवारी मी मूगडाळ घालून केलेली पाल्याची भाजी डब्यातून नेली. त्यांनी एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे." त्या भागातल्या माणसाकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही, हे मला नंतर कळलं.

त्या ओळखीतून जमीन मिळाली. त्यांच्या कोठारामागे साधारण दहा गुंठ्यांची एक पट्टी पडून होती. त्यांची मुलं शहरात गेली होती. ते म्हणाले, "एक उन्हाळा करून बघा. बाजारात माझ्या टेबलाचा एक कोपरा घ्या. नोव्हेंबरात मी पट्टी बघेन. ठीक वाटली तर पाच वर्षांचा कागद करू. नाही तर नाही."

हा कागद माझ्यासाठी काय होता, ते सांगायला हवं. मी तालुक्याच्या गावात शिकले. वडील शिंपी होते. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच, बी. एस्सी., वनस्पतिशास्त्र. लग्नानंतर जर्मनीत आल्यावर त्या पदवीचं अधिकृत भाषांतर करून घेतलं, त्यावर शिक्का मारून घेतला आणि ती कपाटात गेली. अकरा वर्षं कुणी ती मागितली नाही. भाषेचे वर्ग झाले, बालवाडीत मदतनीसाचं काम झालं, पण सकाळी उठून 'हे माझं काम' म्हणावं असं काही नव्हतं. ते या पट्टीनं दिलं. आणि अशी जमीन त्या गावात मागून मिळत नाही. ती मुलाकडे जाते, नाही तर शेजाऱ्याकडे. ही पट्टी गेली असती तर आम्हाला दुसरी मिळाली नसती.

मेच्या मध्यापर्यंत तिथे रात्री पाणी गोठू शकतं, म्हणून आम्ही दम धरला. मग मेथी, कोथिंबीर आणि लाल माठ पेरला. हे शुक्रवारी कामावरून लवकर येत, मुलगी शाळेतून आल्यावर पाईप धरी. मेथी उगवली. पण मेथीच्या ओळींमध्ये तिच्याही आधी दुसरंच काहीतरी उगवलं, आम्ही न पेरलेलं. मी वाकून पाहिलं. पानाच्या मागे पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर. एक पान चुरगाळून वास घेतला.

"अहो, इकडे या! चाकवत आलाय!"

"कोण आलाय?" हे दुसऱ्या टोकाकडून ओरडले.

"चाकवत! आपोआप आलाय!"

मला फार नवल वाटलं. घरापासून इतक्या दूर, एवढ्या थंडीच्या देशात, कुणी बी न टाकता तीच भाजी वर आली होती, जी आमच्याकडे ताक आणि बेसन लावून पातळ करतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. मी ती मेथीइतकीच निगुतीनं वाढवली. पाणी घातलं. कोवळी खुडून जुड्या बांधल्या आणि बाजारात नेल्या. आसपासची मराठी माणसं येऊ लागली. एक बाई जुडी नाकाशी धरून म्हणाल्या, "अय्या, चाकवत! बी कुठून आणलंत हो?" मी म्हणाले, "आणलं नाही, इथलंच आहे." त्यांना ते पटलं नाही. मी काहीतरी लपवते आहे, असं त्यांना वाटलं असावं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले म्हातारे माझ्या जुड्यांकडे बघत आणि काही बोलत नसत. ती सवय मला माहीत होती. त्यांचं न बोलणं मी शाबासकीत धरलं.

जूनच्या अखेरीस चाकवत कमरेएवढा झाला. त्यातली उत्तम अशी बारा झाडं मी बियांसाठी राखली. आमच्याकडे चांगलं रोप बियाण्याला ठेवतात. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाला लाल सुतळी बांधली.

जुलैच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी पाणी घालत होते. मुलगी शाळेच्या सहलीला आठवडाभर गेली होती, म्हणून मी एकटीच होते. म्हातारे बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी पट्टीवरून हात फिरवला, तोच हात पुढे रस्त्याच्या दिशेला नेला आणि त्यांच्या गावठी जर्मनमध्ये म्हणाले, "दी मेल्डे मुस नाउस. बिस झाम्सटाग."

मेल्डे बाहेर गेली पाहिजे. शनिवारपर्यंत. त्यापुढचं वाक्य तर मला अगदी स्वच्छ कळलं. नाही तर नोव्हेंबरात काही नाही.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. जर्मनीत राहणाऱ्या कुठल्याही माणसाला पहिला शब्द शिकावा लागतो तो 'आनमेल्डुंग', म्हणजे नोंदणी. घर घेतलं, नोंदणी. शाळा बदलली, नोंदणी. आणि कार्यालयाला कळवायची कुठलीही गोष्ट म्हणजे 'मेल्डुंग'.

"मेल्डे म्हणजे मेल्डुंगच," हे म्हणाले. "खेड्यातली माणसं शब्दाचा शेवट खातात. आपल्या शेतीची कुठे तरी नोंद करायची राहिली असणार. शनिवारच्या आत कागद बाहेर पडला पाहिजे, असं म्हणतायत."

"पण कुठे?"

"त्यांनी हात कुठे केला?"

"रस्त्याकडे."

"राटहाउस तिकडेच आहे," हे म्हणाले आणि फाईल काढायला उठले. इंजिनियर माणूस. एकदा दिशा ठरली की शंका संपली.

मंगळवारी मी राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कशाची नोंद करायची आहे?" मी म्हणाले, "तेच मला विचारायचं आहे." त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझी फाईल पानापानानं पाहिली. बाजारातल्या टेबलाची परवानगी होती. तराजू तपासल्याचा कागद होता. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले आणि बुधवारी परत बोलावलं. बुधवारी त्यांना सापडलं. शेतात काम करणाऱ्यांना अपघाताच्या विम्यासाठी नाव कळवावं लागतं, ते आम्ही कळवलंच नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं, की मी त्यांना तीन वेळा धन्यवाद दिले. फॉर्म भरायला दोन दिवस गेले, कारण त्यात पिकांची नावं लिहायची होती आणि मेथीला जर्मनमध्ये काय म्हणतात, ते शोधावं लागलं.

त्या दोन्ही संध्याकाळी मी शेतात पाणी घालतच होते. बुधवारी म्हातारे ट्रॅक्टरवरून शेजारून गेले. मी पाईप हातात धरून, नेमकी त्या लाल सुतळीच्या झाडांपाशी उभी होते. मी हात हलवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मेल्डे! शनिवारपर्यंत होईल! काळजी करू नका!" त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. पाईपाकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गिअर टाकून निघून गेले.

शुक्रवारी दुपारी शिक्का मारलेला कागद हातात आला. मुलगीही सहलीवरून परतली होती. आम्ही तिघं शेतावर गेलो. म्हातारे पट्टीच्या कडेला उलट्या क्रेटवर बसले होते. मी कागद पुढे केला.

"मेल्डे बाहेर गेली," मी म्हणाले. "एक दिवस आधीच."

त्यांनी चष्मा काढून कागद वाचला. मग मुलीला जवळ बोलावून काहीतरी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग चाकवताकडे. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

"आई," ती म्हणाली, "मेल्डे म्हणजे हे झाड. हे तण आहे. ते उपटून टाकायला सांगत होते."

"कुठलं झाड?"

"हे! तुझा चाकवत! तू गवताची आनमेल्डुंग करून आलीस!"

हे दुसरीकडे बघायला लागले. ते हसू दाबत होते, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. पण म्हातारे हसले नाहीत. सशांच्या वेळी हसले होते तसे अजिबात नाहीत. त्यांनी एका लाल सुतळीकडे बोट केलं.

"ही सुतळी तुम्ही उपटायच्या झाडांना बांधलीत ना? मला वाटलं, निदान खुणा तरी केल्या आहेत."

मुलीनं मला सांगितलं. मी तिला म्हणाले, "सांग त्यांना, बियांसाठी राखलीत."

"नाही सांगत मी," ती म्हणाली.

मग मीच सांगितलं. ते नुकते उठले होते, ते पुन्हा क्रेटवर बसले. त्यांनी एक शेंडा मोडून तळहातावर चोळला. बारीक हिरव्या कळ्यांचा भुगा झाला. हळू, सुट्या शब्दांत, मला समजेल असं ते म्हणाले, "हे अजून दोन आठवड्यांनी पिकलं असतं. हजारो बिया. त्या मातीत माझ्यापेक्षा जास्त वर्षं जगतील. शेजारचं शेत माझं आहे. मी पंधराव्या वर्षापासून याच्यामागे खुरपं घेऊन फिरतोय. आणि तुम्ही त्याला पाणी घालता."

त्यांची चूक नव्हती. सोमवारी कळलं असतं, तर शेंडे अजून कोवळे होते, ते खुडून बाजारात नेता आले असते. आता कळ्या धरून सगळं राठ झालं होतं, खायच्याही कामाचं नव्हतं. मी त्यांच्या हातातल्या त्या भुग्याकडे बघत राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "केनोपोडियम आल्बुम."

त्यांनी वर पाहिलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

कॉलेजातल्या आमच्या सरांनी शिकवलं होतं. ते आम्हाला रविवारी ओढ्याकाठी नेत आणि पानं जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायला लावत. खाली लॅटिन नाव नीट अक्षरात लिहिलं नाही, तर अख्खा कागद परत करत. केनो म्हणजे हंस, पोडियम म्हणजे पाय. पानाचा आकार हंसाच्या पावलासारखा. हे मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं.

"गेन्झेफूस," म्हातारे म्हणाले. हंसाचा पाय. त्यांच्याकडेही या झाडाचं ते दुसरं नाव होतं. तरुणपणी शेतकी शाळेत तणांची लॅटिन नावं पाठ करावी लागत आणि त्यावर परीक्षा असे, असं त्यांनी सांगितलं. मग ते उठले आणि पट्टीतून चालू लागले. मी मागे. एका आडव्या पसरलेल्या रोपाकडे त्यांनी बुटाचं टोक केलं.

"पोर्टुलाका," मी म्हणाले. "आमची घोळ."

"तण," ते म्हणाले.

"भाजी."

पुढे लालसर देठाचं झाड. "आमारांथुस," ते म्हणाले. "तण."

"माठाची बहीण. भाजी."

"तण."

"भाजी."

"आई, पुरे," मागून मुलगी म्हणाली.

मला आजही कुतूहल आहे, की एवढ्या रागात असूनही ते पट्टीच्या शेवटपर्यंत का चालले. मला वाटतं, त्यांनाही एवढ्या वर्षांत ती नावं म्हणून दाखवायला कुणी मिळालं नसावं. पण टोकाला पोचल्यावर ते वळले आणि म्हणाले, "नाव माहीत आहे ते चांगलं. तरीही बाहेर. उद्या संध्याकाळपर्यंत."

त्या शनिवारी टेबलाचा आमचा कोपरा रिकामा राहिला. आम्ही तिघं शुक्रवारी उन्हं असेपर्यंत आणि शनिवारी सकाळपासून उपटत होतो. मुळं खोल गेली होती. बाजार आटोपून दुपारी म्हातारे आले ते स्वतःचं खुरपं घेऊनच. मी नको म्हटलं, तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. माझ्या शेजारच्या ओळीत ते गुडघे टेकून बसले. लाल सुतळीची बारा झाडं त्यांनी स्वतः उपटली आणि सुतळ्या सोडून माझ्या हातात दिल्या. सुतळी टाकून देणारा माणूस नव्हता तो.

मी विचारलं, "तुम्ही हे कधी खाल्लं आहे?"

"लहान असताना. लढाईनंतर," ते म्हणाले. "आई करायची, नुसतं पाण्यात उकडून. शेजारी कुंपणावरून बघायचे. ज्याच्या घरी मेल्डे शिजते त्याच्या घरी दुसरं काही नाही, हे सगळ्यांना कळायचं. नंतर दिवस बरे आले, तेव्हा तिनं अंगणात याचं एक पानसुद्धा उगवू दिलं नाही. मला पाठवायची उपटायला."

"आम्ही ताक घालून करतो," मी म्हणाले. "लसणाची फोडणी देऊन. एकदा देऊ का?"

"नको. माझ्या वाटची खाऊन झाली."

मी पुन्हा विचारलं नाही. आमच्याकडे चाकवत ज्या घरात दुसरं सगळं असतं तिथेही आवडीनं करतात, हे मला त्यांना सांगावंसं वाटलं. पण ते जर्मनमध्ये कसं सांगावं, ते कळेना. आणि सांगितलं असतं तरी त्यांच्या आईचं कुंपण काही हललं नसतं.

उरलेला उन्हाळा मी रोज ओळी तपासल्या. ऑगस्टमध्ये चाकवत पुन्हा उगवला, तेव्हा बोटभर असतानाच खुडला, आणि मग मला एक गोष्ट दिसली. खुडत राहिलं तर त्याला कळी धरायला फुरसतच मिळत नाही. मी वहीत तारखा आणि उंच्या लिहीत गेले. कॉलेजनंतर मी पहिल्यांदाच निरीक्षणांची वही केली. बाजारातही तो विकला. म्हातारे जुड्यांकडे पूर्वीसारखेच बघत आणि बोलत नसत, पण आता त्या न बोलण्याचा अर्थ मी लावत नव्हते.

नोव्हेंबरात ते पट्टी बघायला आले. काठीनं माती उकरली, चारी कोपरे चालले. मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि म्हणाले, "एक वाफा, रस्त्याकडचा, फक्त याच्यासाठी हवा आहे. फूल येऊ देणार नाही." मुलीनं ते नीट जर्मनमध्ये पुन्हा सांगितलं. त्यांनी वहीची सगळी पानं उलटली. चहा निवला.

"पाच वर्षं नाही," शेवटी ते म्हणाले. "दोन. आणि एक अट." खिशातून पेन काढून त्यांनी छापील करारात खाली हातानं ओळ लिहिली. केनोपोडियम आल्बुम, एक वाफा, उंची एका वितेपर्यंत. त्यापेक्षा वाढलं तर करार संपला.

ह्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "वीत कुणाची?"

"काय?"

"वीत. माणसामाणसाची वेगळी असते. कागदात लिहायला हवं."

"बरं तर, माझी," म्हातारे म्हणाले. त्यांनी टेबलावर पंजा पसरला. बोटांची पेरं सुजलेली, नखांत माती. त्याच्याशेजारी मी माझा पंजा ठेवला. तो चांगलाच तोकडा पडला, दोन बोटं तरी. ह्यांनी ड्रॉवरमधून टेप काढली आणि त्यांच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत लावली.

"तेवीस सेंटिमीटर," हे म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत म्हाताऱ्यांनी तो आकडा त्या ओळीपुढे लिहिला, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. मी सही केली.